डायसिलिकेटची कॅप तडकतेय, शेड जांभळट येतेय? ब्लॉक बदलण्याआधी भट्टी तपासा

एप्रिल लागला की डेंटल लॅबवाल्यांचे फोन सुरू होतात. भुसावळ असो, चोपडा असो, पाचोरा असो नाहीतर शहादा, तक्रार एकच, की लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकच्या, दातावर बसवायच्या कॅपा परत यायला लागल्यात, एखादी बसवतानाच तडकली, एखादी थोड्याच दिवसांत दाढेवर फुटली, एखादी तुटली नाही पण हिरडीजवळ जांभळट झाक दिसतेय म्हणून डॉक्टरांनी परत पाठवली. आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "ब्लॉकच डुप्लिकेट निघाला भो."

ब्लॉक म्हणजे ज्यातून कॅप कोरतात तो ठोकळा, निघतही असेल एखादा डुप्लिकेट. पण मी जळगावात सिरॅमिकचं काम करतो, बोलावलं तर आजूबाजूच्या लॅबमधल्या भट्ट्याही बघून देतो, आणि माझं मत पक्कं आहे की बहुतेक वेळा ब्लॉक चांगलाच असतो, त्याला मिळालेली उष्णता चुकीची असते. या मटेरियलची ताकद बॉक्समधून तयार येत नाही, ती तुमच्या भट्टीत तयार होते. डिझाइन, मिलिंग (मशीनवर कोरणं), फिनिशिंग सगळं मन लावून करायचं आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं "प्रोग्रॅम लावून दिला" म्हणून सोडून द्यायची, असं चालत नाही.

आधी आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. निळा-जांभळा ब्लॉक येतो तो अर्धवट स्फटिक झालेली काच असते. ई.मॅक्स कॅड या ब्लॉकचे कंपनीचे आकडे घ्या, त्या निळ्या अवस्थेत साधारण ४० टक्के भाग लिथियम मेटासिलिकेटच्या बारीक स्फटिकांचा, आकार १ मायक्रॉनच्या आतला, बाकी काच, आणि ताकद जेमतेम १३० ते १५० मेगापास्कल. म्हणून तर तो पटकन मिल होतो. भट्टीत ८४०-८५० अंशांपर्यंत नेलं की ते मेटासिलिकेट काचेतल्या सिलिकाशी जोडलं जाऊन लिथियम डायसिलिकेट बनतं, स्फटिकांचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं, आकार दीड मायक्रॉनच्या आसपास, आणि ताकद ३६० मेगापास्कलपर्यंत चढते. हे नवे स्फटिक लांबट असतात आणि एकमेकांत अडकून बसतात, शेताच्या बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग असतो ना, एक काडी ओढली तर दहा सोबत येतात, तसं. चीर जायला निघाली तरी तिला सरळ वाट मिळत नाही, प्रत्येक स्फटिकाला वळसा घालावा लागतो, त्यात तिचा जोर संपतो.

रंगाचंही तेच. ब्लॉक निळा दिसतो तो त्यातल्या रंग देणाऱ्या आयनांमुळे, भट्टीत त्यांची अवस्था बदलते आणि दाताचा रंग येतो. म्हणजे कॅपवर जांभळी झाक उरली असेल तर ती नुसती शेडची तक्रार नाहीये, आत काम अपुरं राहिलंय आणि ती कॅप कागदावर लिहिलेल्या ताकदीची नाहीये असा त्याचा अर्थ. अशा कॅपवर वरून स्टेन (रंग) मारून झाक लपवायची आणि पार्सल करायचं, हे कृपा करून कोणी करू नका. पेशंट त्या कॅपने शेंगदाणे चावणार आहे.

आता मूळ मुद्दा. भट्टीच्या स्क्रीनवर ८४० लिहून येतं म्हणजे कॅपला ८४० मिळालंच असं नाही. तो आकडा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, जिथे बसवलीय तिथला. थर्मोकपल जुना झाला, मफलच्या (भट्टीच्या तापणाऱ्या पोकळीच्या) कॉइल झिजल्या, भट्टीच्या उघडणाऱ्या डोक्याची सील रिंग चपटी झाली, की स्क्रीन आणि कॅप यांच्यात १५-२० अंशांचा फरक सहज पडतो. मेटल सिरॅमिकच्या, म्हणजे धातूवर पोर्सेलिन चढवायच्या कामात तेवढा फरक नजरेने सांभाळून घेता येतो, पोर्सेलिन जरा कमी-जास्त चमकलं तर परत एक फायरिंग. डायसिलिकेटमध्ये तेवढ्यानेच खेळ बदलतो. अंबर मिल नावाचा ब्लॉक आहे बघा, त्यात तर एकाच ब्लॉकची पारदर्शकता फक्त तापमानाने ठरवतात, ८१५ च्या आसपास नेला तर जास्त पारदर्शक, ८६० कडे नेला तर अपारदर्शक, कारण तापमान वाढलं की स्फटिक मोठे होतात आणि प्रकाश जास्त विखुरतो. आता विचार करा, तुमची भट्टी २० अंशांनी खोटं बोलत असेल तर तुम्ही मागवलेली ट्रान्सलुसेन्सी आणि हातात आलेली यांचा काय मेळ बसणार.

लक्षणं ओळखायला शिका. भट्टी थंड चालत असेल तर जाड भागात, म्हणजे कस्पच्या (दाढेच्या उंचवट्याच्या) पोटात किंवा ब्रिजच्या पाँटिकमध्ये (मधल्या लटकत्या दातात), उजेडासमोर धरल्यावर जांभळट किंवा दुधाळ सावली दिसते, पातळ मार्जिन (कॅपची खालची कड) मात्र ठीक वाटतं. भट्टी गरम चालत असेल तर उलटं, बारीक कडा गोलसर होतात, फिशरची (वरच्या खाचांची) धार जाते, ग्लेझ (चमकदार लेप) न लावताच एक काचेरी चमक येते, मार्जिन आतल्या आधाराच्या पिनवर किंचित बसलेलं असतं आणि मग मॉडेलवर कॅप डुलते. फिट चुकला की लगेच स्कॅनरला दोष देतात लोकं, पण क्रिस्टलायझेशनमधलं आकुंचन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि सॉफ्टवेअरने ते धरलेलं असतं, तेवढ्याने कॅप डुलत नाही. डुलली तर एकतर तापमान जास्त, नाहीतर कॅपला आतून आधार नीट नव्हता.

खात्री करायची तर कंपनीचा कॅलिब्रेशन किट सगळ्यात चांगला, ज्या भट्टीला तो आहे त्यांनी तो मागवून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी वापरावा, काम जास्त असेल तर त्याआधीही. किट नसेल तर चांदीची टेस्ट. यासाठी जळगावपेक्षा सोयीचं गाव नाही, सराफ बाजारात जायचं आणि ९९९ ची चोख चांदीची बारीक तार मागायची. दागिन्याची नको हां, दागिन्याच्या चांदीत तांबं असतं आणि चांदी-तांब्याचं मिश्रण ७७९ अंशांपासूनच वितळायला लागू शकतं, सगळा हिशोब चुकेल. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंशांना. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा, कापताना दोन्ही टोकं धारदार राहिली पाहिजेत, तो सिरॅमिकच्या पेगवर (छोट्या खुंटीवर) आडवा ठेवायचा, आणि पेग ट्रेच्या मध्यभागी, नेहमी कॅप ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर. व्हॅक्यूम लावूनच करायचं, कारण उघड्या हवेत चांदी ऑक्सिजन शोषते आणि थोड्या कमी तापमानालाच वितळते. पहिल्यांदा ९५७ ला मिनिटभर धरून बाहेर काढा, तार जशीच्या तशी, टोकं धारदार पाहिजेत. मग ९६७ ला मिनिटभर, आता तिचा गोल मणी झालेला पाहिजे, आरशासारखा. ९५७ लाच मणी झाला तर भट्टी गरम, ९६७ लाही टोकं शाबूत असतील तर भट्टी थंड. मग पाच-पाच अंशांनी पुढे-मागे जाऊन नेमका फरक काढायचा, आणि तेवढा फरक भट्टीच्या कॅलिब्रेशन मेनूमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये टाकायचा. टेस्ट झाली की रिकामी भट्टी क्लीनिंग प्रोग्रॅमवर एकदा फिरवा, चांदीची वाफ आत राहिलेली बरी नाही. ९६२ ला सापडलेला फरक ८४० ला अगदी तंतोतंत तेवढाच असेल असं नाही, म्हणून याच्यानंतर चकतीची परीक्षा घ्यायची.

चकती म्हणजे काय, तर मिलिंगनंतर होल्डरला चिकटलेला ब्लॉकचा जो ठोकळा उरतो तो फेकू नका. त्यातून सारख्या जाडीच्या चकत्या कापून ठेवा. भट्टी नवी असताना किंवा कॅलिब्रेशन करून झाल्या झाल्या एक चकती फायर करा, ती तुमची मास्टर. मग दर सोमवारी सकाळी त्याच शेडची, त्याच जाडीची एक चकती पहिल्या केससोबत टाका आणि बाहेर आल्यावर मास्टरच्या शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. डोळ्याला फरक दिसला की त्या दिवशी केस थांबवायच्या. खर्च शून्य आणि रिमेक वाचतो.

प्रोग्रॅमचंही बघून घ्या. ई.मॅक्स कॅडचा नेहमीचा प्रोग्रॅम असा असतो: ४०३ अंशांवर भट्टी, ६ मिनिटं बंद व्हायला, मग मिनिटाला ९० अंशांनी ८२० पर्यंत, तिथे १० सेकंद, मग मिनिटाला ३० अंशांनी ८४०, तिथे ७ मिनिटं, आणि नंतर डोकं बंद ठेवूनच ७०० पर्यंत हळू थंड. दुसऱ्या कंपनीचा ब्लॉक असेल तर त्याच्या बॉक्समधला कागद काढून वाचा, सगळ्यांना हाच प्रोग्रॅम चालत नाही. काही ब्लॉक तर पूर्ण स्फटिक होऊनच येतात, त्यांना हे फायरिंग लागतच नाही, जसा जीसी कंपनीचा लिसी ब्लॉक. आणि सेल्ट्रा ड्युओसारख्या मटेरियलला कंपनी म्हणते नुसतं पॉलिश करा तर २१० मेगापास्कल, ग्लेझ फायरिंग दिलं तर ३७०, मग दाढेवर कोणतं द्यायचं ते सांगायला नको. एका लॅबमध्ये तीन कंपन्यांचे ब्लॉक एकाच प्रोग्रॅमवर चाललेले बघितलेत मी, आणि तिथे शेड जुळत नाही म्हणून स्टेनच्या बाटल्या बदलणं चालू होतं.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण फोन तेव्हाच का वाढतात याचं उत्तर बऱ्याचदा खोलीतच असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लॅबमध्ये डेझर्ट कूलर लागतो आणि जागा कमी असल्यामुळे कूलरचा झोत बरोब्बर भट्टीच्या टेबलावर. प्रोग्रॅम संपला, डोकं ७०० ला उघडलं, आणि लालसर तापलेल्या ट्रेवर ओलसर गार हवा. वरची कातडी आकसते, आतला भाग अजून गरम, ताण आत कोंडून राहतो. त्या वेळी काही दिसत नाही, कॅप सुंदर दिसते, डॉक्टर बसवतात, आणि मग एखाद्या दिवशी काही कारण नसताना चीर. कंपनीच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं असतं की झोत लागणार नाही अशा जागी खोलीच्या तापमानापर्यंत थंड होऊ द्या, तापलेल्या कॅपला लोखंडी चिमट्याने हात लावू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पाण्यात टाकू नका. कूलर हलवा, नाहीतर भट्टीच्या तीन बाजूंना आडोसा करा. डिलिव्हरीचा मुलगा एसटी पकडायची म्हणून दारात उभा असतो, तरी पण ट्रेला हात लावता येईपर्यंत थांबायचं.

ट्रेचाही यात हात असतो. डायसिलिकेटचा जो काळपट सिलिकॉन नायट्राइडचा ट्रे येतो तो महाग म्हणून लोकं मेटल सिरॅमिकच्या हनीकॉम्ब (जाळीदार) ट्रेवर काम भागवतात. तो काळा ट्रे उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे बाहेर काढल्यावर कॅप हळू थंड होते, तो त्याचा मुख्य उपयोग. हनीकॉम्ब तसं करत नाही. शिवाय कॅपच्या आत पिन कोरडी अडकवायची नाही, पिन भिंतींना टेकली की थंड होताना कॅप आकसते, पिन आकसत नाही, आतून बाहेर चीर जाते. पिन मोकळी पाहिजे आणि मधली जागा ऑब्जेक्ट फिक्सने (आधार देणाऱ्या पेस्टने) मार्जिनपर्यंत नीट भरलेली पाहिजे, पण ते मार्जिनवरून बाहेरच्या बाजूला सांडलेलं नको, सांडलं तर पक्कं चिकटतं.

लाइटचं दुखणं वेगळंच. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे पंप चालू झाले की व्होल्टेज खाली येतं हे इकडे कुणाला सांगायला नको, आणि व्होल्टेज कमी असलं की मफलला मिनिटाला ९० अंशांचा वेग पेलवत नाही, भट्टी रेंगाळते नाहीतर एरर देते. घरगुती इन्व्हर्टरवर भट्टी टाकू नका, तिचा लोड दीड-दोन किलोवॅटच्या घरात असतो. चांगला स्टॅबिलायझर पाहिजेच, आणि जमत असेल तर त्या लोडचा ऑनलाइन यूपीएस. मधेच लाइट गेलीच तर घाईने डोकं उघडू नका, आत पूर्ण थंड होऊ द्या. ८२० च्या आधी गेली असेल आणि कॅपवर चीर, बुडबुडा काही नसेल तर मी पूर्ण प्रोग्रॅम पहिल्यापासून देतो, अर्ध्यातून कधीच पुढे चालू करत नाही. वर ८४० ला धरलेलं असताना गेली असेल तर किती मिनिटं मिळाली ते कळत नाही, अशी कॅप मी चकतीशी ताडून बघतो आणि मोठ्या दाढेची किंवा ब्रिजची असेल तर सरळ नवी मिल करतो. ब्लॉकचे पैसे जातात, मान्य आहे, पण पेशंट पुन्हा सुई घेऊन खुर्चीत बसतो त्याची किंमत जास्त आहे.

पावसाळ्यात तक्रार बदलते, ग्लेझमध्ये बुडबुडे. हवेत ओल असते, स्टेन-ग्लेझचं लिक्विड नीट सुकत नाही, भट्टी बंद व्हायची ६ मिनिटं कमी पडतात. बंद व्हायचा वेळ थोडा वाढवा, काम होतं. बुडबुड्यांसोबत राखाडीपणाही असेल तर व्हॅक्यूम बघा, सील रिंगवर ग्लेझचा कण किंवा फायबरचा धागा अडकलेला असतो, ओल्या कपड्याने पुसला की निम्म्या वेळा तिथेच प्रश्न सुटतो.

पिवळट-हिरवट झाक येत असेल तर मात्र दुसरीकडे बघावं लागतं. आपल्याकडच्या लॅबमध्ये भट्टी एकच, त्यातच मेटल सिरॅमिक आणि त्यातच डायसिलिकेट. चांदी असलेला अलॉय आत तापवला की त्याची वाफ मफलमध्ये बसते आणि पुढच्या कॅपला रंग देते. आठवड्यातून एकदा रिकामी भट्टी क्लीनिंग प्रोग्रॅमवर चालवा, आणि झेपलं तर दुसरी जुनी भट्टी घेऊन मेटलचं काम तिकडे हलवा.

भट्टी बरोबर निघाली तरी तडकणं थांबत नसेल, तर मग फायरिंगच्या आधीचं आणि नंतरचं बघायचं. घासायचं असेल ते निळ्या अवस्थेत घासून घ्या. पक्की झाल्यावर घासायचंच झालं तर बारीक डायमंड, पाणी, कमी दाब, आणि नंतर पॉलिश किंवा ग्लेझ फायरिंग. कोरडं, जोरात, जाड बरने घासलं की तिथे ठिपक्याएवढी जागा तापते आणि सूक्ष्म चिरा पडतात. जाडी मोजा, दाढेला चावण्याच्या बाजूला बाँडिंग करणार असाल तर किमान १ मिलिमीटर, साधं सिमेंट लावणार असाल तर दीड. डॉक्टरांनी प्रेपमध्ये, म्हणजे दात घासून तयार करताना, जागाच दिली नसेल तर फोन करून सांगा, गप्प बसून पातळ कॅप पाठवू नका. निळ्या अवस्थेतली कॅप तोंडात लावून फिट बघायला हरकत नाही, पण पेशंटला जोरात चावायला लावायचं नाही, १३० मेगापास्कलची काच आहे ती.

डॉक्टर साहेब कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: कॅपची आतली बाजू चिकटण्यासाठी खरखरीत करायला डायसिलिकेटला ५ टक्क्यांचं एचएफ (हायड्रोफ्लुओरिक ॲसिड) २० सेकंद पुरतं, ६० सेकंद ल्युसाइटवाल्या एम्प्रेससारख्या मटेरियलला, जास्त वेळ ठेवून पकड वाढत नाही, आतली बाजू पोखरली जाते. मग धुऊन, सुकवून सायलेन (चिकटायला मदत करणारं लिक्विड) ६० सेकंद. आतून सँडब्लास्ट करू नका.

थोडं विषयांतर होईल, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्लास-सिरॅमिक, म्हणजे डायसिलिकेट ज्या जातीचं आहे ते, सापडलंच मुळी भट्टीच्या चुकीमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंगमध्ये डोनाल्ड स्टुकी लिथियम सिलिकेटच्या काचेची पट्टी ६०० अंशांवर तापवत होते, कंट्रोलर बिघडला आणि भट्टी ९०० ला गेली. त्यांना वाटलं आत काच वितळून थारोळं झालं असेल, काढून बघतात तर पांढरी पट्टी, चिमट्यातून फरशीवर पडली आणि फुटली नाही. तेव्हापासून आजपर्यंत या मटेरियलचा सगळा स्वभाव तापमानाच्याच हातात आहे.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काम. तुटलेली कॅप डॉक्टरांकडून मागून घ्या, सगळे तुकडे, डबीत, पुसून न टाकता. अमळनेरच्या एका लॅबमध्ये तिथल्या काकांनी असाच एक तुकडा माझ्या हातावर ठेवला होता, म्हणाले, "भाऊ, हाई काय शे?" लूपखाली (भिंगाखाली) तिरपा उजेड टाकून बघितलं, तर तुटलेल्या पृष्ठभागाला एका कडेला वळलेला ओठ होता, बाहेरच्या बाजूने. चीर जिथे संपते तिथे असा ओठ वळतो, सुरुवात त्याच्या समोरच्या बाजूला असते. म्हणजे चीर आतून, सिमेंटच्या बाजूने निघाली होती, आणि त्या जागी आत बर लागल्याचा ओरखडा स्पष्ट दिसत होता, फिट व्हावी म्हणून फायरिंगनंतर कोणीतरी आतून घासलं होतं. त्या केसमध्ये भट्टी निर्दोष होती. ओठ आतल्या बाजूला असता तर चीर बाहेरून, म्हणजे चावण्याच्या कॉन्टॅक्टपासून आली असती, मग बाइट आणि पॉलिश तपासायचं. आणि ओरखडा, कॉन्टॅक्ट काहीच कारण सापडत नसेल, एकाच महिन्यातल्या कॅपा तशाच येत असतील, तर पुन्हा चांदीच्या तारेकडे आणि कूलरच्या झोताकडे जा.

यासाठी प्रत्येक केसच्या चिठ्ठीवर ब्लॉकचा लॉट नंबर, प्रोग्रॅमचं नाव, फायरिंगची तारीख आणि किती वेळा फायर केली हे लिहीत चला. चिठ्ठीची एक प्रत लॅबमध्ये राहू द्या, म्हणजे कॅप परत आली की त्याच दिवशी भट्टीत आणखी कोणाच्या केस होत्या ते लगेच काढता येतं आणि त्या डॉक्टरांना आधीच फोन करता येतो.